बिग बुल आणि आमचं बीआर रजिस्टर

'बिग बुल' हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची मालिका 'स्कॅम १९९२' दुसऱ्यांदा बघून संपवली. २०२० मध्ये पहिल्यांदा बघितली तेव्हा सगळ्यांसारखीच मीही हर्षद झालेल्या प्रतीक गांधीच्या हसण्यावर भाळले होते. कांदिवलीतला साधा मुलगा इन्शुरन्स कंपनीतली नोकरी सोडतो, शेअर बाजारात जॉबर, म्हणजे दलालासाठी सौदे करणारा, होतो आणि बघता बघता वरळीला समुद्रासमोर घर घेतो. कुणाला आवडणार नाही? या वेळी मात्र मी त्याच्याकडे कमी आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बँकवाल्यांकडे जास्त बघत होते. त्या बाजूच्या एका खुर्चीत मी बसलेली आहे. हर्षद मेहताला मी फक्त पेपरात पाहिलं. पण तेव्हा फोर्टातल्या एका बँकेच्या इन्व्हेस्टमेंट खात्यात मी ज्युनियर ऑफिसर होते आणि बीआर रजिस्टर माझ्या ताब्यात होतं.

बीआर म्हणजे बँक रिसीट. मालिकेत ती भराभर समजावून टाकतात. त्यांचाही इलाज नाही, नाहीतर प्रेक्षक उठून जाईल. पण सगळी गोम तिथेच आहे, म्हणून जरा थांबते.

तेव्हा बँकांच्या ठेवींपैकी ३८.५ टक्के एसएलआरमध्ये (म्हणजे सक्तीने मुख्यतः सरकारी रोख्यांत) आणि १५ टक्के सीआरआरमध्ये (म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे रोख) अडकलेले असत. उरल्या पैशांत नफा दाखवायचा. मग एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकायचे आणि पंधरा दिवसांनी थोड्या चढ्या भावाने परत घ्यायचे. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. नाव खरेदी-विक्रीचं, काम उसनवारीचं. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या पीडीओत, म्हणजे सरकारी कर्जाच्या कार्यालयात, हाताने लिहिलेल्या वह्यांमध्ये व्हायची आणि तिला वेळ लागायचा. तोवर विकणारी बँक एक पावती द्यायची: पैसे मिळाले, रोखे तयार झाले की ही पावती घेऊन या. आता त्या पावतीमागे रोखे आहेतच, हे बघायचं कुणी? मधला, हर्षदसारखा दलाल आधी फक्त गिऱ्हाईक गाठून द्यायचा. हळूहळू पैसे आणि पावत्या त्याच्याच हातून फिरायला लागल्या. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावाने काढलेला चेक सरळ दलालाच्या खात्यात जमा व्हायला लागला, आणि त्याला 'मार्केट प्रॅक्टिस' असं भारदस्त नाव मिळालं. तोच पैसा पुढे शेअर बाजारात. दोनशेच्या आसपासचा एसीसी सिमेंटचा शेअर नऊ हजारांवर गेला तो असा. हर्षदने त्याला जोडलेला 'रिप्लेसमेंट कॉस्ट'चा सिद्धांत (तशीच कंपनी आज नव्याने उभारायला जो खर्च येईल, त्यावरून शेअरची किंमत ठरवायची) अगदीच टाकाऊ नव्हता हं, फक्त भाव चढत होता तो बँकांच्या पैशावर.

माझ्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'रोखे प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख'. तो बहुतेक ओळींना कोराच असायचा. मुदत संपली की व्यवहार उलटायचा, पावती परत जायची आणि त्या रकान्यात मी लाल शाईने 'रिव्हर्स्ड' लिहायचे. पानंच्या पानं लाल. एकदा साहेबांना म्हटलं, "सर, रोखे आपल्याकडे येतच नाहीत." ते म्हणाले, "मॅडम, पैसे वेळेवर येतायत ना? मग?"

साहेब पैसे खाणारे नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्यांना वरळीचं घर नको होतं की परदेशी गाडी नको होती. मार्चअखेर आपल्या खात्याचा नफा शेजारच्या बँकेपेक्षा चार पैसे जास्त दिसावा आणि डीजीएमची, म्हणजे उपमहाव्यवस्थापकाची खुर्ची मिळावी, एवढंच. अशी महत्त्वाकांक्षा पडद्यावर दिसत नाही. तिला ना संवाद, ना पार्श्वसंगीत. हर्षदच्या भुकेवर दहा भाग निघतात. पण त्याच्या पानात वाढायला इतक्या बँकांमधून इतके लोक का उभे होते, हा प्रश्न मालिका विचारते न विचारते आणि पुढे जाते.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, सगळेच करत होते गं, सापडला हा एकटा." त्याच्या मोबाइलवर मालिकेचं संगीत रिंगटोन आहे, तेव्हा तो निष्पक्ष नाही. तरी अर्धं बरोबर आहे त्याचं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा आकडा चार हजार कोटींच्या वर गेला होता, आणि त्या भानगडीत परदेशी बँकाही होत्या. पण 'सगळेच करतात' हे वाक्य मी घोटाळा उघड व्हायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडताना ऐकलंय. तेव्हा कुणाला वाचवायचं नव्हतं. नवीन आलेल्याला काम शिकवताना सांगायचं ते वाक्य होतं. आणि भुर्दंड पडला कुणाला? बँक ऑफ कराडने मागे काहीच नसलेले बीआर काढून दिले आणि त्याच वर्षी ती बुडाली. तिच्या ठेवीदारांपैकी कितीजणांनी दलाल स्ट्रीट पाहिला असेल? मालिकेत त्यांच्यापैकी कुणाचा चेहरा मला तरी आठवत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो सुरुवातीचा प्रसंग. स्टेट बँकेतला एक घाबरलेला माणूस 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या ऑफिसात येतो, बँकेतल्या ५०० कोटींच्या गफलतीचं सांगायला. धड उभं राहवत नाही त्याला, पण परतही जात नाही. त्याला बढती मिळणार नाही, नावही छापून येणार नाही. तो का आला असेल? मी तर त्याच्यावरच अख्खा भाग बघितला असता. बातमी फोडणाऱ्या टाइम्सच्या पत्रकार सुचेता दलालचं तसं नाही. तिलाही मोठी बातमी हवीच आहे, ती हर्षदइतकीच हट्टी आहे. फरक एवढाच की ऐकलेलं दहा ठिकाणी पडताळल्याशिवाय ती छापायला देत नाही.

२३ एप्रिल १९९२ ला बातमी आली. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे ऑडिटर येऊन बसले आणि त्यांनी पहिलं मागितलं ते माझं रजिस्टर. आमची बँक वाचली, कारण आमच्या शेवटच्या पावत्या बातमीच्या आधीच उलटल्या होत्या. त्या उलटायला आणखी थोडा उशीर झाला असता तर मी आज वेगळं काही लिहीत असते.

भाच्याने विचारलं, साहेबांचं पुढे काय झालं? साहेब यथावकाश डीजीएम झाले. निवृत्तीच्या समारंभात जी भाषणं झाली, त्यात ९१-९२ च्या विक्रमी नफ्याचा खास उल्लेख होता. टाळ्याही चांगल्या पडल्या.