छर्ऱ्यांचा साठा: उन्हाळा ते पावसाळा, सोलापूरची नोंद

नेमबाजीतल्या 10 मीटर एअर रायफलच्या शिशाच्या छर्ऱ्यांच्या साठ्याची ही पुढची नोंद. प्लायवूडच्या कपाटातून सगळं बाहेर काढून झालं, पुठ्ठ्याची खोकी गेली, टिन लॉटवार (लॉट म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप) लागले. काय बदललं आणि का, तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी पांढऱ्या भुकटीबद्दल. टिन उघडल्यावर छर्ऱ्यांवर पांढरं दिसलं की बरेच जण ती बुरशी समजतात आणि फडक्याने पुसून छर्रे वापरतात. ती बुरशी नाही, शिशाचं कार्बोनेट आहे. नवं शिसं चकाकतं, मग राखाडी होतं. तो ऑक्साइडचा थर पातळ आणि घट्ट असतो, त्याची काळजी नको. पांढरा थर मात्र भुसभुशीत असतो, धातू खाऊनच वर येतो, आणि स्कर्टची, म्हणजे छर्ऱ्याच्या मागच्या पोकळ भागाची, पातळ कड आधी खराब करतो. असे छर्रे सरावालाही नकोत.

हे नुसत्या दमट हवेने सहसा होत नाही. दमटपणाच्या जोडीला ॲसेटिक किंवा फॉर्मिक आम्लाची वाफ लागते. आम्ल शिशाला लागतं, त्याचं क्षार बनतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढचं शिसं धरतं. म्हणून वाफ अगदी थोडी असली तरी पुरते. ती येते कुठून? लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट. आणि लोणच्याची जुनी बरणी, कितीही धुतली तरी.

सोलापुरात फसगत होते ती कोरड्या हवेच्या भरवशावर. मे महिन्यात बाहेर 42 अंश, ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, मग शिशाला कसला धोका? पण त्याच खोलीत दुपारभर कूलर चालू असतो. खिडक्या लावलेल्या असल्या तर आतली हवा पावसाळ्यासारखी दमट होते, आणि उष्णतेने प्लायवूडमधून वाफ जास्त सुटते. कूलरच्या झोतातलं प्लायवूडचं कपाट म्हणजे छर्ऱ्यांसाठी सगळ्यात वाईट जागा. माझ्या मते जुलैतलं लोखंडी कपाट त्याहून कितीतरी बरं. पत्र्याखालचा माळाही नको: 25 अंशांवरून 45 वर गेलं की डब्यातली सहा-सात टक्के हवा फटीतून बाहेर जाते, आणि रात्री गार झालं की तेवढीच बाहेरची आत येते. रोज.

आता वापरात आहे ती मांडणी अशी. रबरी गॅस्केट आणि क्लिपचं झाकण असलेला पाच लिटरचा स्टीलचा डबा, आत छर्ऱ्यांचे मूळ टिन, बाजूला ओलावा शोषणारं 50 ग्रॅम सिलिका जेल आणि हवेतला दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. आकडा 50 टक्क्यांच्या खाली हवा. पाच लिटर हवेत 30 अंशांवर पाणी मावतं जेमतेम 0.15 ग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅम जेल हवेसाठी उदंड आहे. जेल लवकर संपत असेल तर गॅस्केट गळतंय किंवा आत पुठ्ठा राहिलाय, कारण पुठ्ठा स्वतःच पाणी धरून असतो. केशरी जेल घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. 110 अंशांवर दोन-तीन तास तापवलं की केशरी जेल पुन्हा चालतं, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही. नुसत्या उन्हात ते पुरतं सुकत नाही.

ओलाव्यापेक्षा नुकसान जास्त होतं ते हाताळताना. 0.53 ग्रॅमचा छर्रा, 500 चा टिन म्हणजे 265 ग्रॅम शिसं. अर्धा रिकामा टिन बॅगेत खुळखुळला की स्कर्ट एकमेकांवर आपटून लंबगोल होतात आणि तळाला काळी भुकटी जमते. मोकळ्या जागेत पॉलिथिन फोमची चकती बसवा. एका टिनमधून दुसऱ्यात ओतू नका. छर्रे काढायचे तर टर्किश टॉवेलच्या दुमडीवर अलगद सोडा. टिन एकावर एक पाचपेक्षा जास्त नकोत, झाकण आत दबतं.

नवे मॅच (स्पर्धेचे) छर्रे धुवू नयेत. धुवायचेच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पंख्याखाली लगेच वाळवून. आरओचं पाणी शिशाला जड पाण्यापेक्षा जास्त खातं, आणि ओले छर्रे रात्रभर राहिले की सकाळी पांढरे. तेल लावायचं तर फोमवर एकच थेंब. स्प्रिंगच्या रायफलमध्ये जास्त तेल दाबाने पेट घेतं आणि वेग बिघडतो.

टिनच्या तळावर कायम शाईने लॉट क्रमांक, हेड साइझ (छर्ऱ्याच्या पुढच्या भागाचा व्यास, 4.49, 4.50 मिमी वगैरे) आणि उघडल्याचा महिना. झाकणावर लिहू नका, झाकणं अदलाबदल होतात. वजन करून निवडायचे असतील तर 0.001 ग्रॅमचा काटा लागतो आणि पंखा बंद, 0.01 च्या काट्यावर फरक दिसतच नाही.

ती पांढरी भुकटी पोटात गेली की शिसं रक्तात उतरतं. झाडू किंवा फुंकर नको, ओल्या कागदाने टिपा, कागद पिशवीत बांधा, हात साबणाने धुवा. साठ्याचा स्टीलचा डबा पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाता कामा नये. झाकणावर लाल रंगाने पट्टा मारून ठेवा, आणि कपाटाला कुलूप, घरात पोरं असतील तर नक्कीच.

पुढचं काम: इथला पाऊस सप्टेंबरात खरा जोर धरतो, तेव्हा हायग्रोमीटरचा आकडा आठवड्याला एकदा लिहायचा. त्यानंतर रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून, 10 मीटरवर, प्रत्येक हेड साइझचे 10-10 छर्रे, जुना आणि नवा लॉट वेगवेगळ्या कागदावर.