नोंद कुणाच्या लॉगिनला अडकली?

आबा गेले. महिन्याभरात गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवांनी विचारलं, "सातबाऱ्यावर वारस लावलं का?" पंचगंगेकाठचं २२ गुंठे उसाचं रान. वारसनोंद नाही तर पीककर्ज नाही.

माझी नोकरी कोल्हापुरात, शिरोलीच्या एमआयडीसीत. सारखी रजा कोण देणार? म्हणून सरकारच्या 'ई-हक्क' साइटवर मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र चढवून अर्ज केला. अर्ज क्रमांकही लगेच आला. खूश झालो.

मग दोन महिने स्क्रीनवर तीच ओळ. चावडीत गेलो तर तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "सर्व्हर डाऊन हाय ओ. पुढच्या आठवड्यात या." तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा सर्व्हर डाऊन. आणि त्याच दिवसांत शेजारच्या रानाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नोंदबदल, 'आपली चावडी' या सरकारी साइटवर रीतसर झळकलेला! सर्व्हर माणूस बघून पडतो की काय? पण हे मला दिसलं तेही त्या साइटमुळंच. पूर्वी चावडीच्या फळ्यावर कोण बघत होतं?

सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. आठवड्यात 'तक्रार निकाली' असा मेसेज. उघडून बघतो तर फक्त संबंधित कार्यालयाकडे पाठवलेली. त्यांच्या लेखी माझं काम झालेलं.

शेवटी गल्लीतल्या निवृत्त अव्वल कारकून काकांकडं गेलो. ते म्हणाले, "माहिती अधिकारात 'का केलं नाही' असं विचारू नको, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद माग." मग ऑनलाइन अर्ज केला, १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कुणाच्या लॉगिनला आहे, त्यावर काय शेरा आहे, त्याची प्रत द्या. चावडीचं कार्यालय यादीत सापडेना, म्हणून वरच्या कार्यालयाकडं टाकला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३)खाली तो ५ दिवसांत खाली पाठवावा लागतो. उत्तराला मुदत ३० दिवस. विनाकारण उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड, आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून.

एकोणिसाव्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन. "साहेब, तेवढा माहितीचा अर्ज मागं घ्या की. नोंद धरतो." आजवर मी नुसता 'ओ' होतो, आता साहेब! म्हटलं, नोंद धरा, अर्ज राहू दे.

चार दिवसांत नोंद धरली, नोटीस निघाली. हरकतीचे १५ दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. माहितीचं उत्तर मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलं. एकच पान: ८३ दिवस एकाच लॉगिनला. शेरा: निरंक. सर्व्हरचा कुठं उल्लेखच नाही.

परवा १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. आईच्या नावातला एक काना गायब. आता जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५खाली दुरुस्ती. अर्ज केलाय, क्रमांक लगेच आला.