उरलेल्या एकोणीस कॅप्सूल

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘नवीन डाग नाहीत’ असं वाचलं आणि मनातल्या मनात मी बरी होऊन मोकळी झाले.

मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणाऱ्या आजाराची, सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली होती. बुबुळ हलवलं की दुखायचं, लाल रंग विटका दिसायचा. स्टेरॉइडच्या सलाइननं ते निवळलं. मग डायमिथाइल फ्युमरेट सुरू झालं: सात दिवस १२० मिलिग्रॅम दोनदा, पुढे २४० दोनदा. कॅप्सूल घेतली की थोड्या वेळात चेहरा, कान, मान तापून लालबुंद. ऑफिसात एकीनं विचारलं, “कुणाशी भांडून आलीस का गं?” तेव्हापासून सकाळची कॅप्सूल हळूहळू टळायला लागली. शिवाय पायाची बधिरता होती तशीच. मग घ्यायचं कशाला?

डॉक्टर विचारायचे, “औषध नीट चालू आहे ना?” मी म्हणायचे, हो. अशा प्रश्नाला दुसरं उत्तर असतं का?

एकदा तिथल्या सिस्टरनी वेगळंच विचारलं, “गेल्या आठवड्यात चौदातल्या किती राहिल्या?” मी गप्प. पर्समधल्या पट्ट्या काढून दिल्या. अठ्ठावीस दिवसांच्या छप्पन्नपैकी एकोणीस उरल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नसेवरचं आवरण एकदा खराब झालं की ते हे औषध दुरुस्त करत नाही, नवे झटके कमी करतं. “आता मला सांगा, काय समजलं?”

“पाय बरा होईपर्यंत घ्यायचं.”

त्या हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डाग वाढले नाहीत म्हणजे आजार शांत आहे, गेलेला नाही, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

बाकीचं सोपं होतं. मी रिकाम्या पोटी घेत होते. जेवणासोबत घेतल्यावर लाली बरीच कमी झाली. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि ती कंटाळवाणी रक्ततपासणी लिम्फोसाइट (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फार खाली गेले नाहीत ना, हे बघायला असते. मी तिला उगाचचा सोपस्कार समजून दोनदा टाळली होती.

सकाळची कॅप्सूल आता डब्यासोबतच बॅगेत जाते. परवा पट्ट्या काढून मोजलं, तीन कॅप्सूल उरल्या होत्या. सिस्टरना तीनच सांगितल्या.