सोलापूरची भिंत, ओसाकाची गिटार

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी फिरलं की घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तिथल्या एका शाळेनं आपल्या कुंपणाची लांबलचक भिंत विद्यार्थ्यांकडून रंगवून घ्यायची ठरवली आणि मला बोलावलं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं निघाले. सामानात ब्रश, रोलर, स्टेनरच्या बाटल्या आणि एक स्पीकर होता. काम करताना जपानी मेटल, म्हणजे तिकडच्या बँडचं हेवी मेटल रॉक संगीत लावायचं, हे गाडीत बसण्याआधीच ठरलं होतं.

हे संगीत मला फार प्रिय आहे. १९८१ मध्ये ओसाकात लाउडनेस हा बँड सुरू झाला. अकिरा ताकासाकीची गिटार इतकी वेगवान आणि तरीही इतकी स्वच्छ की एकेक सूर मोजून घ्यावा. १९८५ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेत गाजला आणि जपानच्या बँडला तिथं मोठं दार उघडलं. पुढे एक्स जपान आला, २०१० मध्ये बेबीमेटलच्या मुली आल्या, आणि २०१६ मध्ये त्यांनी लंडनचं वेम्ब्ली अरीना भरवलं. लोक मेटलला गोंगाट म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्यात केवढी शिस्त असते! ढोलकऱ्याचे दोन्ही पाय डबल पेडलवर धावत असतात, आणि एक ठोका चुकला तरी सगळं कोसळतं. मागावर धोट्याचं असंच असतं.

मुलं नववीतली. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनीही कानावर पडते. शब्द न कळणारं गाणं त्यांना अजिबात परकं वाटलं नाही. वागाक्की बँड लावला तेव्हा तर ब्रश थांबलेच. या बँडमध्ये गिटार, बास आणि ड्रम्ससोबत कोतो आणि शामिसेन ही तंतुवाद्यं, शाकुहाची बासरी आणि वादाइको हे मोठे जपानी ढोल असायचे. शाळेच्या लेझीम पथकात हलगी वाजवणारा एक मुलगा स्पीकरला कान लावून बसला आणि म्हणाला, "काय वाजवलालेत बे!" मग पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर त्यानं तो ठेका धरला. दुसऱ्या फेरीत तो बरोबर जमला.

भिंतीचं काम मात्र सावकाश झालं. आधी जुना चुना पत्तीनं खरवडला, भेगा पुट्टीनं भरल्या, मग प्रायमर. भिंत पश्चिमेकडे तोंड करून होती, त्यामुळे सकाळी सावली मिळायची. दुपारी ऊन आलं की आम्ही थांबायचो, कारण तापलेल्या भिंतीवर रंग लगेच सुकतो आणि रोलरचे पट्टे उमटतात. त्या वेळात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. सोलापुरात आणखी काही लागत नाही.

एका टोकाला सोलापुरी चादर काढायची होती. मी कागदावर चौकटी आखून नक्षी मोठी करायला शिकवत होते, तेवढ्यात एका मुलीचे आजोबा तिचा डबा घेऊन आले. आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात काम केलेला माणूस. चौकटींचा कागद बघून ते तिथेच बसले. जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, नक्षीही आधी अशाच चौकटींवर भरतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि त्या भोकांवरून ताण्याचा कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं, असं त्यांनी समजावलं. आमच्या फुलाच्या पाकळीला तिरकी रेघ होती, त्यांनी ती पुसून पायऱ्या-पायऱ्यांची करायला लावली. चादरीत वळणसुद्धा चौकटींच्याच पायऱ्यांनी घ्यावं लागतं. त्या एका दुरुस्तीनं आमचं फूल खरोखर विणल्यासारखं दिसू लागलं.

मधोमध डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. त्यांच्या चेहऱ्याची रेखाटणी चालू असताना परांचीवरून एक मुलगी म्हणाली, "ताई, डॉक्टर ज्यांच्यावर उपचार करत होते ते जपानी सैन्याशीच लढत होते ना? मग आपण जपानी गाणी का लावलीत?"

मी स्पीकर बंद केला. आम्ही सगळे सावलीत बसलो. मी सांगितलं, की ते युद्ध जपानच्या लष्करी सत्तेनं लादलं आणि चीनच्या लोकांनी त्यात अपार सोसलं. आपण ऐकतोय ते वाजवणारे युद्ध संपल्यानंतर जन्मलेले. ती म्हणाली, "ते कळतं. पण डॉक्टरांसमोर नको वाटतं." कोणी म्हणालं, संगीताचा काय दोष, कोणी म्हणालं, तिचं बरोबर आहे. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी मुलांनीच ठरवलं: डॉक्टरांचा चेहरा पूर्ण होईपर्यंत स्पीकर बंद, बाकी भिंतीवर चालू. मला हा निर्णय फार आवडला. इतिहास माहीत असलेली मुलं अशीच बोलतात, आणि तसं बोलायला त्यांना जागा मिळायला हवी.

दुसऱ्या टोकाला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज काढले. तिथे पुन्हा आवाज वाढला. त्या दिवशी दिल्लीचा ब्लडीवुड हा मेटल बँड आणि बेबीमेटल यांनी २०२५ मध्ये एकत्र केलेलं गाणं लावलं. हिंदी ओळी आल्या तशी सगळी परांची ओरडली, आणि चित्रकलेच्या सरांनी येऊन परांचीवर नाचू नका म्हणून बजावलं. ते बरोबरच होतं. नाच खाली उतरून झाला.

मी निघाले त्या दिवशी मुलं शाळेच्या मागची भिंत मोजत होती. तिथे १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यायचे आहेत. चुना खरवडायला सुरुवात करा, असं मी सांगितलं आहे. त्या भिंतीला स्पीकर लावायचा की नाही, ते याही वेळी मुलंच ठरवतील.