हजेरीपटातली कोरी घरं

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका गावात मी समाजकार्य करते. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटून जातो आणि दिवाळी आटोपली की टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरं त्यांच्यामागे आपोआप जातात.

ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, सरकारचीच. आईबाप तोडीला गेले की मुलं आजी-आजोबांकडे राहतात, सकाळ-संध्याकाळचं खाणं वसतिगृहात आणि दुपारी शाळेचा पोषण आहार. मला वाटलं, अर्ज दिला की झालं!

आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालक हवेत आणि एकूण निम्म्या बाया. कागदावर सगळं होतं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत रोज बुडवून बैठकीला कोण येणार? शेवटी रात्री आठला मारुतीच्या पारावर बसलो. लाइट गेली, मोबाईलच्या उजेडात अंगठे घेतले. एक बाई मागूनच म्हणाली, "ताई, मोठी घर रायनी तं धाकलाले कोन दखी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची पाचवीतली मुलगी फडावर शिकायला जात नाही, खोपीत भाऊ सांभाळते, हे मला त्या रात्री नीट कळलं.

खरी गंमत पुढे. कार्यालयातून प्रस्ताव परत आला: मुलं तर शाळेत हजर आहेत, मग स्थलांतरित कशी? अहो, ती दिवाळीनंतर जाणार! गेल्यावर प्रस्ताव करायचा तर ठेवायचं कोणाला? तीन खेपा झाल्या. मग गुरुजींनीच मागच्या वर्षीचा हजेरीपट काढला. २३ नावांपुढे दिवाळीपर्यंत हजेरी आणि पुढे पानंच्या पानं कोरी. त्या पानांच्या झेरॉक्स, सोबत प्रत्येक आजीचं संमतीपत्र, असा गठ्ठा नेला तेव्हा सही झाली. आमच्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या कोऱ्या घरांनी केलं.

१८ मुलं राहिली. धाकल्याची बहीण गेलीच. जाईल तिथल्या शाळेत घ्यावं म्हणून तिला शिक्षण हमी कार्ड दिलंय, पण फडाजवळची शाळा गुजराती, तिथे ती कार्ड दाखवून काय वाचणार?

स्वयंपाकाला गावातलीच एक आजी आहे. पहिल्या रात्री तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. लहानग्यांना ठेचा झोंबला, मग गूळ आणला. अनुदान अजून आलेलं नाही. किराणा उधारीवर चाललाय. मी रस्त्याने दिसले की दुकानदार वही उघडतो, बोलत काहीच नाही.