हरा असं कुणीच म्हणालं नव्हतं

मी दक्षिण कॅलिफोर्नियात एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि गेली सहा वर्षं मुलींच्या बास्केटबॉल टीमचं स्कोअरबुक लिहिते. घरच्या गेमला अधिकृत बुक आमचंच धरतात, त्यामुळे काळे-पांढरे पट्टेवाला शर्ट घालून मी दोन्ही बेंचच्या मधे टेबलावर बसते आणि एकदा तिथे बसले की मी कुठल्याच शाळेची नसते. टाळी नाही, ओरडणं नाही, आपल्या मुलींना खूण करणं तर अजिबातच नाही.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, लीगचा शेवटचा गेम. सकाळी तिसऱ्या तासाची घंटा झाली आणि सगळी मुलं बाहेर गेली तरी आमच्या टीमची 23 नंबर जर्सीवाली मुलगी बाकावरून उठली नाही. सीनियर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजमध्ये खेळणार नाही, म्हणजे तिचं बास्केटबॉल याच महिन्यात संपणार होतं. फोन पुढे करून म्हणाली, मिस, हे बरोबर आहे का सांगाल? कुणाच्या तरी वडिलांनी तक्ता बनवून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. आज जिंकलो तर आपण डिव्हिजन तीनमध्ये, तेही अगदी तळाला. आठ-दहा गुणांनी हरलो तर डिव्हिजन चारमध्ये, आणि तिथे जवळपास सगळ्यात वर.

हे कसं होतं ते सांगते, कारण पुण्या-सांगलीकडच्या लोकांना हे चटकन कळणार नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धा वयावर, 14, 17 आणि 19 वर्षांखालील, मग जिल्हा, विभाग, राज्य. इथे कॅलिफोर्निया इंटरस्कोलास्टिक फेडरेशनचे, म्हणजे राज्याच्या शालेय खेळांच्या संघटनेचे 10 सेक्शन आहेत, त्यातलं आमचं सदर्न सेक्शन सगळ्यात मोठं, पाचशेच्या वर शाळा, आणि प्रत्येक खेळाच्या प्लेऑफला, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेऱ्यांना, त्यांची वाटणी डिव्हिजनमध्ये होते. पूर्वी ही वाटणी शाळेत किती विद्यार्थी आहेत त्यावर व्हायची. मोठी शाळा वर, छोटी खाली. पण मुलींच्या बास्केटबॉलमध्ये पटसंख्येवरून काहीच कळत नाही हो. तीन हजार पोरांच्या शाळेत नववीत येऊन पहिल्यांदा बॉल हातात घेतलेल्या मुली असतात आणि पाचशेच्या शाळेत वर्षभर क्लबकडून खेळणाऱ्या पाच जणी असतात. मुलींच्या खेळात वरच्या आणि खालच्या टीममधलं अंतरच इतकं मोठं आहे. 1990 मध्ये इंगलवूडच्या मॉर्निंगसाइड हायस्कूलच्या लिसा लेस्लीने एकटीने हाफटाइमपर्यंत 101 गुण केले होते आणि समोरची टीम दुसऱ्या हाफला मैदानात उतरलीच नाही. 2015 मध्ये सॅन बर्नार्डिनोकडे एक गेम 161-2 असा संपला. दोन! मी स्कोअरबुक लिहिणारी बाई आहे, माझ्या डोळ्यासमोर ते रिकामं पान येतं, बत्तीस मिनिटं खेळून एका टीमच्या अकरा-बारा ओळी कोऱ्या.

म्हणून आता डिव्हिजन ताकदीवर ठरतात. रेग्युलर सीझन संपला की कॉम्प्युटर रेटिंग लावतात, कुणाशी खेळलात, निकाल काय, फरक किती, हे सगळं त्यात येतं. मला ही पद्धत जुनीपेक्षा शंभर पटीने बरी वाटते. आमचे काही पालक म्हणतात की प्रायव्हेट शाळांना वेगळं काढा, सगळा प्रश्न मिटेल, पण 2023, 24 आणि 25 अशी सलग तीन वर्षं राज्याचं ओपन, म्हणजे सगळ्यात वरचं डिव्हिजन जिंकणारी एटिवांडा ही सरकारी शाळाच आहे, मग काय कराल. तिकडे इलिनॉयमध्ये प्रायव्हेट शाळांच्या पटसंख्येला 1.65 ने गुणतात, पण शेवटी तोही पटसंख्येचाच हिशोब. बरोबरीच्या टीमशी बरोबरीची टीम खेळावी हे मला मनापासून पटतं. फक्त या पद्धतीत सीझनच्या शेवटी शेवटी सीमारेषेवरची टीम असते ना, तिला हरण्यात फायदा दिसायला लागतो, आणि ती टीम त्या दिवशी आमची होती.

मी आकडेमोड तपासली. तक्ता बरोबर होता. मुलीला खोटं कसं सांगू? म्हटलं, हो, साधारण असंच होईल. ती काही न बोलता बॅग घेऊन गेली.

दुपारी अडीचला कोचच्या ऑफिसात गेले. हा माणूस वाईट नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय. पहाटे साडेपाचला जिम उघडून देतो, ज्यांना घ्यायला कुणी येत नाही त्या मुलींना स्वतःच्या गाडीने घरी सोडतो. म्हणाला, आज सीनियर्सना विश्रांती देतोय, पुढच्या आठवड्यात प्लेऑफ आहे, गुडघे सांभाळायला हवेत. मी विचारलं, कालच्या प्रॅक्टिसला तर विश्रांतीचं काही नव्हतं? तो गप्प बसला आणि मग म्हणाला, तीन वर्षांपूर्वी वरच्या डिव्हिजनला आपण 58 गुणांनी हरलो ते तूच लिहिलंयस ना बुकात, त्यातल्या दोघी दुसऱ्या वर्षी टीमला परत आल्या नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणाले की आपला दुसरा नंबर पक्का आहे, पण आज समोर येणाऱ्या टीमचा तसा नाही.

त्याचं असं, की आमची सात शाळांची लीग, तिच्यातल्या पहिल्या तीन टीम्स थेट प्लेऑफला जातात. समोरची टीम चौथी होती. आज जिंकली तर तिसऱ्या नंबरच्या शाळेशी बरोबरी होणार, आणि एकमेकींविरुद्धचे दोन्ही गेम यांनी जिंकलेले असल्यामुळे जागा यांना मिळणार. आणि सात शाळा म्हटल्यावर शेवटच्या दिवशी एक शाळा रिकामी राहते, ती नेमकी तिसऱ्या नंबरवालीच. त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळी सहाला मी टेबलावर बुक उघडून रोस्टर लिहीत होते तेव्हा वर ब्लीचर्सवर, प्रेक्षकांच्या बाकांवर, त्यांच्या सहा मुली येऊन बसलेल्या दिसल्या, शाळेच्या हुडीज घालून, एकमेकींना चिकटून. आमच्यावर भरवसा ठेवून बघायला आल्या होत्या.

पहिल्या हाफला सगळं नेहमीसारखं. 24-19 आम्ही पुढे. तिसऱ्या क्वार्टरला हॉर्न झाला आणि आमच्या पाचातल्या चार जणी बेंचवर. आत गेलेल्या मुलींना यातलं काही माहीत नव्हतं आणि त्या दिवसात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. दहावीतली एक मुलगी, पूर्ण सीझनमध्ये तिच्या नावापुढे मी मोजून अकरा गुण लिहिले असतील, ती सुटलेल्या बॉलवर अशी झेपावली की कोपर सोलवटलं, ट्रेनरने पट्टी लावली आणि ही परत आत. जीव तोडून खेळत होत्या पोरी, आणि त्यांनी हरावं म्हणूनच त्यांना आत पाठवलं होतं. क्वार्टर संपला तेव्हा 33-38. मी आकडे लिहीत होते, पेन हातात घट्ट धरून. वर हुडीवाल्या सहाजणी आता बोलतही नव्हत्या.

चौथ्या क्वार्टरची पाच मिनिटं चाळीस सेकंद बाकी असताना माझ्या टेबलासमोर कुणीतरी गुडघ्यावर बसलं. इथे बदली खेळाडू आधी स्कोअररकडे नोंद करते आणि मग डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की आत जाते. वर बघितलं तर 23 नंबर. वॉर्मअप शर्ट काढलेला. म्हणाली, तेवीस, चौदाच्या जागी. कोचने तिला उठवलं नव्हतं, मी बेंचकडेच बघत होते. तो उभा होता, हाताची घडी, तिच्याकडे बघत. त्याने तिला परत बोलवायला हवं तर बोलवू शकला असता, तेवढा वेळ होता, एक पूर्ण पझेशन गेलं. तीस सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे बॉल टाकायची मुदत, जवळजवळ संपेपर्यंत समोरच्यांनी बॉल फिरवला आणि मग बाहेर घालवला. मी टायमरला सांगितलं, सब. हॉर्न झाला, रेफरीने हात केला, ती आत गेली. माझं काम तेवढंच होतं आणि मी तेवढंच केलं, पण गळा भरून आला होता हे खरं.

पुढच्या डेड बॉलला कोचनेच उरलेल्या तिघींपैकी दोघींना टेबलाकडे पाठवलं. एक शब्द बोलला नाही. ती सोललेल्या कोपराची दहावीतली मात्र त्याने शेवटपर्यंत आतच ठेवली.

शेवटी 44-44 असताना समोरच्यांचा क्वार्टरमधला पाचवा टीम फाऊल झाला, म्हणजे दोन फ्री थ्रो, आणि 23 ने दोन्ही टाकले. मग एक स्टील, म्हणजे समोरच्यांकडून हिसकावलेला बॉल, अजून एक फ्री थ्रो, 47-44. समोरच्या मुली रडत होत्या, त्यांची जागा गेली होती, पण निदान गेली ती खेळून गेली. वरच्या सहाजणी ब्लीचर्सवरून धावत खाली आल्या आणि आमच्या पोरींच्या गळ्यात पडल्या. रेफरींनी बुक बघितलं आणि गेले, मी शर्ट बदलला आणि मग कुठे जाऊन 23 ला मिठी मारली.

ब्रॅकेट्स, म्हणजे प्लेऑफला कोण कुणाशी खेळणार ते तक्ते, आले. डिव्हिजन तीन, पहिला राउंड, बाहेरगावी, दीड तास बसने. 71-38 हरलो. बाहेरच्या गेमला मी आमचं बुक लिहिते, तेव्हा पट्ट्यांचा शर्ट नसतो, त्यामुळे यावेळी ओरडू शकत होते, ओरडले. 23 ने चौदा गुण केले. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसले होते, ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ रडली. दोन आठवड्यांनी डिव्हिजन चारची फायनल झाली आणि जिंकली ती टीम डिसेंबरमध्ये आमच्याकडून नऊ गुणांनी हरलेली. एका आईने मला पार्किंग लॉटमध्ये गाठून विचारलं, काय मिळालं तुम्हाला? सतरा वर्षांच्या मुलीला जिंकण्याची अशी किंमत मोजायला लावणारी रचना चूक आहे, हे त्या आईचं म्हणणं मला मान्य आहे. मुलींनी खेळून चूक केली, हे मान्य नाही.

मग मी बसून लिहायला घेतलं. रेटिंग सीझन संपायच्या दोन आठवडे आधी गोठवा, डिव्हिजन तेव्हाच जाहीर करा, त्यानंतरचे लीगचे गेम फक्त लीगच्या क्रमासाठी मोजा. म्हणजे शेवटच्या गुरुवारी हरून कुणालाच काही मिळणार नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत एखादीला दुखापत झाली आणि टीम कमजोर पडली तर हा प्रश्न राहतोच, त्याला अर्जाची सोय ठेवावी असं सुचवलंय. लीगच्या कोचेसची मीटिंग मेमध्ये आहे. आमच्या कोचने वाचून सही केलीय आणि मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहिलंय, दोन आठवडे पुरणार नाहीत, तीन कर.