तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बैठकांत ठरतं तरी काय?

लग्नकार्यात हमखास कुणीतरी विचारतंच, "मलेरियाला गोळ्या आहेत की! मग तुम्ही जिनिव्हात जाऊन ठरवता काय?"

औषध शोधणं हे माझं काम नाही. पुढचं औषध कसं असायला हवं, यावर संशोधक, कंपन्या, पैसा देणारे आणि रुग्ण तपासणारे यांना एका कागदावर आणायचं, हे माझं काम. गरिबांच्या आजारात नफा नाही, त्यामुळे हे आपोआप होत नाही. टॅफेनोक्वीन हे मलेरियाचं औषध तयार झालं १९७८ मध्ये, अमेरिकेत मंजूर झालं २०१८ मध्ये. आता बोला.

तो कागद म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता: 'किमान हवंच' आणि 'असलं तर उत्तम'. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप उलटतो. त्यांना मारणाऱ्या औषधाचा तक्ता चालला होता. 'गरोदरपणात चालेल' ही ओळ मी दुसऱ्या रकान्यात टाईप केली. गडचिरोलीत काम केलेल्या एक डॉक्टर ऑनलाइन होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या ओपीडीतल्या निम्म्या बाया 'असल्या तर उत्तम'."

मी समजावायला गेले. यकृतातले जंतू मारणारं प्रायमाक्वीन काय, टॅफेनोक्वीन काय, गरोदर बाईला देता येत नाही. पोटातल्या बाळाला जी६पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची, कमतरता असली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ती अट 'किमान'मध्ये घातली तर कुठलीच कंपनी हात घालणार नाही.

"मॅडम, हे मला माहीत आहे. बाईला काय सांगू, ते सांगा. बाळंतपण, मग अंगावरचं दूध, मग पुन्हा दिवस. तोवर ताप आला की रक्तातल्या जंतूंपुरतं क्लोरोक्वीन, उलटला की परत क्लोरोक्वीन?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ओळ जिथे होती तिथेच राहिली.

मला अजूनही वाटतं की तो निर्णय व्यवहाराचा होता. या कामात नवी असतानाची मी मात्र तिथेच भांडले असते. तिला म्हणावं, अगं, आधी औषध तर येऊ दे! ती म्हणेल, कोआर्टेम या मलेरियाच्या औषधाचं काय झालं? वापरात येऊन वीस वर्षं उलटल्यावर, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ते गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत द्यायला सांगितलं. त्याची पाच किलोखालच्या तान्ह्यांसाठीची गोळी स्वित्झर्लंडने मंजूर केली २०२५ मध्ये. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तक्ता पुन्हा उघडेल तेव्हा त्या ओळीचा विषय निघेलच. कंपनीचा माणूस चाचण्यांचा खर्च सांगेल, आणि तो खोटं बोलत नसेल.